कापसाच्या हमीभावात ५८९ वाढले, आयात शुल्कात तेवढेच गेले. चिमूरच्या शेतकऱ्याचा भाव नेमका ठरतो कुठं?

चिमूर : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ८ डिसेंबर २०२५ ला व्हाइट हाउसमध्ये तिथल्या शेतकऱ्यांना बोलावलं आणि १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. तेव्हा डॉलर नव्वद रुपयांच्या घरात होता. त्या हिशेबानं ही रक्कम होते १ लाख ८ हजार कोटी रुपये. कारण असं की चीननं २०२५ मध्ये अमेरिकेचं सोयाबीन घेणं महिनोन्‌महिने बंद ठेवलं, भाव पडले आणि तिथला शेतकरी अडचणीत आला. त्याच बैठकीत तांदळाचाही विषय निघाला. भारताचा तांदूळ आमच्याकडे स्वस्तात येऊन पडतो, अशी तक्रार तिथल्या धान उत्पादकांच्या बाजूनं झाली आणि त्यावर शुल्क लावण्याची भाषा ट्रम्प यांनी केली.

दोनच दिवसांनी, १० डिसेंबरला अमेरिकेचं शिष्टमंडळ व्यापार कराराच्या बोलणीसाठी दिल्लीत आलं. सोयाबीन, मका, ज्वारी यांना भारताची बाजारपेठ उघडा, ही त्यांची जुनीच मागणी.

चिमूर तालुक्यातल्या माणसाला यातलं काय लागतं? तर सगळंच लागतं. भिसी, नेरी, शंकरपूर, खडसंगी या पट्ट्यात धान, सोयाबीन, कापूस, तूर हीच पिकं. अमेरिकेत ज्या पिकांवरून भांडण चाललंय, तीच इथल्या सातबाऱ्यावर आहेत. चिमूर-नागभीडचा धान काही अमेरिकेला जात नाही, तिकडे जाणारा भारतीय तांदूळ बहुतेक बासमती असतो. पण भाव हा पाण्यासारखा असतो, एका बांधीतलं पाणी फोडलं की शेजारच्या बांधीची पातळी हलतेच.

तिकडचा हमीभाव किती?

अमेरिकेत शेतकऱ्याला हमीभाव नसतो, तिथं सगळं खुल्या बाजारावर चालतं, असं चौकाचौकात ऐकायला मिळतं. हे खरं नाही. तिथं त्याला संदर्भ दर म्हणतात आणि तो कायद्यात लिहिलेला असतो. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी ज्या मोठ्या कायद्यावर सही केली, त्यात हे दर वाढवले. न वटलेल्या, म्हणजे सरकीसकट कापसाला पौंडाला ४२ सेंट. धानाला शंभर पौंडांना १६ डॉलर ९० सेंट. सोयाबीनला बुशेलला १० डॉलर. बुशेल म्हणजे सोयाबीनचे सव्वासत्तावीस किलो.

हे आपल्या मापात आणलं तर चित्र साफ दिसतं. कापूस क्विंटलला सुमारे ८ हजार ३०० रुपये. धान सुमारे ३ हजार ३५० रुपये. सोयाबीन सुमारे ३ हजार ३०० रुपये.

आता आपले २०२५-२६ चे हमीभाव घ्या. लांब धाग्याचा कापूस ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. साधारण धान २,३६९, अ दर्जाचा २,३८९. सोयाबीन ५,३२८.

कापसात दोन्हीकडचा आकडा जवळजवळ सारखा आहे. धानात त्यांचा दर आपल्यापेक्षा हजार रुपयांनी जास्त. सोयाबीनमध्ये मात्र आपला आकडा त्यांच्यापेक्षा दोन हजारांनी वर. मग सोयाबीनवाला चिमूरकर अमेरिकनापेक्षा सुखी का नाही? एक कारण उत्पन्नाचं. तिथं एकरी सरासरी चौदा क्विंटलच्या आसपास सोयाबीन निघतं, भारताची सरासरी एकरी चार क्विंटलच्या आगेमागे. ताडोबाच्या कडेला असलेल्या गावांत तर रानडुकरांनी ठेवलं तेवढंच घरी येतं. ते नुकसान कोणत्याही देशाच्या हिशेबात धरलेलं नसतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपला हमीभाव हा माल केंद्रावर विकला तरच मिळणारा भाव आहे. त्यांचा संदर्भ दर हा फरक भरून देण्याचा दर आहे. अमेरिकन शेतकरी माल कोणालाही विकतो, केव्हाही विकतो. हंगाम संपल्यावर देशाची सरासरी किंमत काढतात. ती संदर्भ दरापेक्षा कमी निघाली तर जेवढा फरक, तेवढे पैसे त्याच्या नावावर जमा होतात. तेही त्यानं यंदा किती विकलं यावर नाही, तर शेताची जुनी पायाभूत एकर आणि जुनं ठरलेलं उत्पन्न यांवर, आणि त्या एकरांच्या ८५ टक्क्यांवर. म्हणजे सगळाच तोटा भरून निघत नाही आणि पैसेही वर्षभर उशिरा येतात. पण ग्रेडर नाही, ओलावा मोजणं नाही, बारदाना संपला म्हणून ट्रॅक्टर परत आणणं नाही. एका माणसाला वर्षाला मिळू शकणारी कमाल मर्यादा २०२५ मध्ये १ लाख ५५ हजार डॉलर होती. रुपयात जवळपास १ कोटी ४० लाख.

आपल्याकडे सीसीआयला कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी. मग तारीख घ्या, गाडी न्या. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात सुरू, १२ च्या वर गेला की माल परत. सोयाबीनलाही १२ टक्क्यांची अट. पाऊस लांबलेल्या वर्षी पहिल्या वेच्याचा कापूस आणि नुकतंच काढलेलं सोयाबीन या अटीत बसणं कठीण. ज्याच्याजवळ वाळवायला जागा नाही आणि दिवाळीची उधारी डोक्यावर आहे, तो खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. तिथं ८,११० हा आकडा फक्त बोलण्यापुरता राहतो.

एवढ्यावरून सीसीआय काहीच करत नाही असं म्हणणं चूक ठरेल. २०२४-२५ च्या हंगामात सीसीआयनं देशभरात सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला. ती खरेदी नसती तर भाव आणखी खाली गेला असता. पण ज्याचा माल केंद्रावर पोचत नाही, त्याच्यासाठी दुसरं काही ठेवलेलं नाही.

ऑगस्टमध्ये काय झालं

२०२५-२६ च्या हंगामात कापूस उत्पादकाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हमीभाव नाही, आयात शुल्क होतं. तारखा ओळीनं पाहिल्या पाहिजेत.

२८ मे रोजी केंद्रानं कापसाचा हमीभाव ५८९ रुपयांनी वाढवला. ७ ऑगस्टला अमेरिकेनं भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लावलं. त्याच दिवशी दिल्लीत स्वामिनाथन जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शेतकरी, दूध उत्पादक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं सांगितलं. १९ ऑगस्टपासून केंद्रानं विदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत. २७ ऑगस्टला अमेरिकेचं शुल्क ५० टक्के झालं आणि दुसऱ्याच दिवशी शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

म्हणजे शब्द दिल्यापासून बाराव्या दिवशी कापसाचं दार उघडलं. दूध आणि सोयाबीनचं दार बंद ठेवलं हे खरं. पण विदर्भात कापूस हे काही लहान पीक नाही.

कापड गिरण्यांची बाजूही ऐकली पाहिजे. भारताच्या तयार कपड्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ५० टक्के शुल्क लागल्यावर तिरुपूरसारख्या गावांतल्या कारखान्यांच्या ऑर्डरी अडकल्या. निदान कापूस तरी स्वस्त मिळू द्या, ही त्यांची मागणी होती. गिरण्या बंद पडल्या तर इथला कापूस घेणार कोण, हाही प्रश्न आहेच. पण मदत गिरण्यांना करायची होती तर ती सरकारी तिजोरीतून करता आली असती. ती केली गेली कापसाच्या भावातून.

किती रुपयांची? हिशेब सोपा आहे. रुईचा भाव खंडीला ५५ हजार धरू. ११ टक्के म्हणजे ६ हजार ५० रुपये. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. ३४ टक्के उतारा धरला तर तेवढ्या रुईला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. भागाकार केला की क्विंटलमागे पावणेसहाशेच्या जवळ रक्कम येते.

मे महिन्यात वाढवलेले किती? ५८९.

एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं घेतलं, असं याला गावात म्हणतात. आता, शुल्क काढलं म्हणजे ती सगळी रक्कम शेतकऱ्याच्याच भावातून कमी होते असं नाही. थोडी गिरणीला, थोडी आयातदाराला जाते. ज्यानं सीसीआयला माल दिला त्याला तर हमीभावच मिळतो. पण माफी जाहीर झाल्याबरोबर सीसीआयनंही आपल्याकडच्या रुईचे विक्री दर उतरवले. बाजारानं त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पऱ्हाटीला अजून बोंडं फुटायची होती, तेव्हाच हंगामाची हवा बदलली.

ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकी देशांतून कापूस येतो. २०२४-२५ मध्ये शुल्क असतानाही आयात ४० लाख गाठींच्या आसपास गेली होती. ऑस्ट्रेलियाच्या लांब धाग्याच्या कापसाला तर डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या करारानुसार वर्षाला ५१ हजार टनांपर्यंत आधीपासूनच शुल्क नाही.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे शुल्क लागलं, एप्रिल २०२२ मध्ये काढलं, त्याच वर्षी ऑक्टोबर संपताना परत लागलं. पेरणी करताना शेतकऱ्याला हे दार उघडं राहणार की बंद, हे माहीत नसतं. जिनिंगवाल्यालाही माहीत नसतं. मोठ्या आयातदाराला मात्र चार आठवड्यांची मुदतही पुरते.

भांडणं मिटवायची तर माप कोणतं?

देशादेशांनी एकमेकांच्या शेतकऱ्यांना मारक ठरेल अशी मदत देऊ नये, यासाठी नियम आहेत. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हाच शेतीचा करार लागू झाला. त्यात ठरलं की भारतासारख्या देशानं एखाद्या पिकाला त्याच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच भाव-आधार द्यावा. श्रीमंत देशांना ५ टक्के. ऐकायला भारताला जास्त मोकळीक वाटते. पण श्रीमंत देशांनी त्याशिवाय जुन्या मदतीचा वेगळा कोटा पदरात पाडून घेतला. अमेरिकेचा कोटा वर्षाला १९.१ अब्ज डॉलर, म्हणजे नव्वद रुपयांच्या दरानं १ लाख ७० हजार कोटींच्या वर. तो कोणत्याही पिकावर खर्च करता येतो. भारताकडे असा कोटाच नाही.

खरी मेख मापात आहे. हमीभावातून किती मदत झाली हे मोजताना आजचा हमीभाव आणि आजचा जागतिक भाव यांची तुलना करत नाहीत. तुलना होते ती १९८६ ते १९८८ या वर्षांतल्या जागतिक भावाशी. तेव्हा डॉलर तेरा रुपयांच्या आसपास होता. त्या काळचा धान्याचा भाव आणि आजचा डिझेलचा, युरियाचा, मजुरीचा खर्च एका तराजूत घालून भारत जास्त मदत देतो असं म्हणायचं, हा कोणता न्याय?

या मापाचा गोंधळ किती आहे ते पाहा. मे २०१८ मध्ये अमेरिकेनं तक्रार मांडली की २०१०-११ ते २०१३-१४ या वर्षांत भारतानं तांदळाला ७४ ते ८४ टक्के आधार दिला. भारताच्या हिशेबात तो १० टक्क्यांच्या आतच होता. धान तोच, वर्षं तीच. फरक एवढाच की अमेरिकेनं देशातलं सगळं पीक धरलं, मग ते सरकारनं घेतलेलं असो की घरी खाल्लेलं. भारतानं फक्त सरकारनं प्रत्यक्ष खरेदी केलेला माल धरला. शिवाय एकानं हिशेब रुपयात मांडला, दुसऱ्यानं डॉलरमध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कापसाबद्दलही अशीच तक्रार झाली, ५३ ते ८१ टक्क्यांची. विदर्भात ज्या वर्षांत कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांच्या बातम्या छापून येत होत्या, त्यातलीच ही वर्षं आहेत.

पुढे २०१८-१९ मध्ये भारताच्या स्वतःच्या हिशेबातही तांदळाची मर्यादा ओलांडली गेली. ४३.६७ अब्ज डॉलरच्या पिकाला ५ अब्ज डॉलरचा आधार, म्हणजे ११.४६ टक्के. तेव्हा भारतानं २०१३ च्या बाली परिषदेतल्या सवलतीचा आधार घेतला. त्या सवलतीनं अन्नसुरक्षेसाठी धान्य खरेदी करणाऱ्या देशाविरुद्ध दावा लावता येत नाही. कायमचा तोडगा निघेपर्यंत ती चालू राहणार आहे आणि तोडगा बारा वर्षांत निघालेला नाही. इथं चिमूरच्या कापूसवाल्यानं एक बारकावा लक्षात ठेवावा. ही सवलत अन्नधान्यासाठी आहे. धानाला तिचं छत्र आहे, कापसाला नाही.

कापसाच्या भांडणात एकच देश खऱ्या अर्थानं जिंकला, तो ब्राझील. अमेरिकेच्या कापूस अनुदानामुळे आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो, असा दावा ब्राझीलनं २००२ मध्ये लावला आणि २००५ पर्यंत जिंकला. अमेरिकेनं काय केलं? अनुदान बंद केलं नाही. २०१० पासून ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचं ठरवलं आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन विषय संपवला. आपल्या शेतकऱ्याला पैसे देता यावेत म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही पैसे देण्याची ही तऱ्हा! बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या चार गरीब कापूस देशांनी २००३ मध्ये हीच तक्रार केली होती. त्यांच्याजवळ ब्राझीलएवढा जोर नव्हता, त्यांच्या वाट्याला चर्चा आली.

आता तर दावा जिंकूनही उपयोग नाही, कारण संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं आहे. साखरेच्या खटल्यात २०२१ मध्ये भारताविरुद्ध निकाल लागला, भारतानं अपील केलं, ते तसंच पडून आहे. पंच घरी गेले आणि सामना चालू आहे. म्हणून आता जो तो दोघा-दोघांत करार करतो. त्यात ज्याचा बाजार मोठा त्याचा आवाज मोठा.

शेजारच्या राज्यांशी तरी जमतं का?

अमेरिका-ब्राझील लांबची गोष्ट. गडचिरोलीच्या पलीकडे छत्तीसगड आहे. तिथं धानाला क्विंटलला ३,१०० रुपये मिळतात, एकरी २१ क्विंटलपर्यंत. दक्षिणेला तेलंगण बारीक धानाला हमीभावावर ५०० रुपये बोनस देतो. महाराष्ट्रात पूर्वी क्विंटलवर बोनस होता, तो बदलून हेक्टरवर आला. २०२२ च्या नागपूर अधिवेशनात हेक्टरी १५ हजार, पुढच्या वर्षी २० हजार, मर्यादा दोन हेक्टर. म्हणजे जास्तीत जास्त ४० हजार रुपये.

हेक्टरी बोनसला नावं ठेवणारे खूप आहेत. पण नीट पाहिलं तर पद्धत म्हणून ती वाईट नाही. क्विंटलवर बोनस दिला की बाहेरचा धान आत येतो, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचा माल खपतो. छत्तीसगडला दर हंगामात सीमेवर नाके बसवावे लागतात ते त्यामुळेच. जमिनीवर दिलेला बोनस खोटा करायला अवघड. शिवाय ज्यानं एचएमटीसारखा बारीक धान लावला, तो केंद्रावर न नेता बाजारात चांगल्या भावानं विकला, त्यालाही तो मिळू शकतो. हा एचएमटी शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला वाण. त्याला अमेरिकेच्या पद्धतीशी जुळणारी हीच एक वाट महाराष्ट्रात आहे. अडचण आहे ती रकमेची आणि वेळेची. पेरणीच्या वेळी बोनस किती हे ठरलेलं नसतं आणि चुकारा हातात यायला पुढची रोवणी उजाडते.

मध्य प्रदेशनं २४ ऑक्टोबर २०२५ पासून सोयाबीनला भावांतर योजना परत सुरू केली. शेतकरी बाजार समितीत विकतो, सरकार ठरावीक दिवसांची सरासरी काढतं आणि हमीभावाशी जो फरक निघेल तो खात्यात टाकतं. सरासरी चार हजारांच्या आसपास निघाली तेव्हा क्विंटलमागे तेराशेच्या जवळपास फरक बसला. यातही खोट आहे. फरक सरकार देणार हे माहीत झालं की व्यापारी भाव आणखी दाबतात, २०१७ मध्ये तिथं हीच ओरड झाली. तरीपण केंद्र सुरू होण्याची वाट पाहत चार हजाराच्या आत माल काढून टाकणाऱ्या आपल्याकडच्या लहान शेतकऱ्यापेक्षा तिथल्याची स्थिती बरी म्हणावी लागेल.

सोयाबीन कोण पाडतंय?

सोयाबीनचं दुखणं तेलात आणि ढेपेत आहे. भारत वर्षाला १६० लाख टनांच्या आसपास खाद्यतेल विदेशातून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या तेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं. आठ-साडेआठ महिन्यांत, ३० मे २०२५ ला, महागाईच्या धाकानं ते साडेसोळावर आणलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्जेंटिनानं आपल्याला डॉलर हवेत म्हणून सोयाबीन आणि सोयातेलावरचा निर्यात कर तात्पुरता शून्य केला. ७ अब्ज डॉलरची मर्यादा होती, ती तीन दिवसांत संपली. भारतीय आयातदारांनीही त्यात हात धुऊन घेतले. इकडे सोयाबीन कापणीला आलेलं होतं.

ढेपेची गोष्ट तर घरचीच आहे. इथेनॉल कारखान्यांना सरकारी गोदामातला तांदूळ २०२५ मध्ये किलोला २२ रुपये ५० पैशांनी दिला गेला. इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जातो, सोयाबीनच्या ढेपेपेक्षा स्वस्त पडतो. ढेप खपेनाशी झाली की कारखानदार सोयाबीनचा भाव उतरवतो. म्हणजे धानाचा प्रश्न सोडवायला काढलेली योजना त्याच शेतकऱ्याच्या दुसऱ्या पिकावर पडली. आता अमेरिकेकडे मक्याचा असाच चोथा ढिगानं आहे आणि तो भारतानं घ्यावा हा त्यांचा आग्रह. सोयाबीन घेत नाही म्हणून छातीठोक सांगायचं आणि हा चोथा येऊ द्यायचा, असं झालं तर सोयाबीनवाल्याला दोन्ही सारखंच. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजाराला टेकलं होतं. ऑगस्टमध्ये १२ लाख टन ढेप आयातीला परवानगी मिळाली आणि दिवाळीपर्यंत भाव कुठल्या कुठं उतरला, हे चिमूरच्या बाजारात कोणी विसरलेलं नाही.

एका देशाच्या धोरणानं दुसऱ्याचा बाजार कसा हलतो, याचा सगळ्यात मोठा धडा चीननं दिला होता. २०११ पासून तीन वर्षं चीननं आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून कापूस घेऊन घेऊन गोदामं भरली. भारताची निर्यात २०१३-१४ मध्ये ११७ लाख गाठींवर गेली. २०१४ मध्ये चीननं खरेदीचं धोरण सोडून शिनजियांगमध्ये फरक रक्कम देणं सुरू केलं. पुढच्याच हंगामात भारताची निर्यात ५८ लाख गाठींवर आली आणि सीसीआयला ८६ लाखांवर गाठी घ्याव्या लागल्या. चीननं कोणाला विचारलं नाही. विचारण्याची पद्धतच नाही.

मागायचं काय?

देशादेशांत ताळमेळ बसेल तेव्हा बसेल. दिल्लीतल्या दिल्लीत कृषी मंत्रालय आणि वस्त्रोद्योग मंत्रालय यांचा ताळमेळ तर बसवता येतो. एकानं मे महिन्यात हमीभाव वाढवायचा आणि दुसऱ्याच्या मागणीवरून ऑगस्टमध्ये शुल्क काढायचं, हे थांबवायला कोणत्या जागतिक परिषदेची गरज नाही. शुल्क काढायचंच असेल तर ते जून-जुलैत काढा, ऑक्टोबर ते मार्च या आवकीच्या दिवसांत नको. आणि बाजारभाव हमीभावाच्या खाली असेल तर मुळीच नको. अशी अट कायद्यात बसवणं अवघड नाही. पिवळ्या वाटाण्याच्या बाबतीत केंद्रानं उशिरा का होईना, हेच केलं. डिसेंबर २०२३ पासून तो शुल्काविना येत होता, तुरी-हरभऱ्याचे भाव त्यानं दाबले, मग १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लावलं.

दुसरी मागणी फरकाची. सगळा माल सरकारनं घ्यावा ही मागणी पन्नास वर्षं झाली, महाराष्ट्रानं १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी करून तिचे फायदे-तोटे दोन्ही पाहिले. भाव दुसऱ्या राज्यात जास्त असला की तेव्हाही कापूस रातोरात सीमेपार जात होता. ज्याचा माल केंद्रावर जाऊ शकत नाही त्याला सातबारा आणि पीक नोंदीवरून फरक देणं, हे आता मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीमुळे शक्य आहे. ज्यानं ती नोंद केलेली नाही, त्यानं निदान पुढच्या हंगामात चुकवू नये, कारण कोणतीही योजना आली तरी मोजमाप तिथूनच होणार.

कापसाच्या शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. ती वाढवली नाही तर १ जानेवारी २०२६ पासून ११ टक्के शुल्क आपोआप परत लागणार होतं. घरात कापूस साठवून ठेवलेल्यांचं या तारखेकडे लक्ष होतं. पण सगळा माल त्या एका तारखेवर अडवून धरणं धोक्याचं होतं, कारण माफीच्या काळात आलेल्या गाठी गिरण्यांच्या गोदामात आधीच पोचल्या होत्या. जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद मार्च २०२६ मध्ये कॅमेरूनला ठरलेली होती. त्याआधी भारत-अमेरिका कराराचं काय होतं, त्यात सोयातेल, चोथा आणि कापूस यांचं नाव येतं का, हा प्रश्न तेव्हा होता.